अर्जासोबतचे पत्र

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभप्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा त्यांनी विषय सुचविला होता तो ‘तरुण पिढीपुढील आव्हाने’ असा. विषय भारदस्त खरा. परंतु आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक, पुढे शिक्षकाची पदविका घेऊन जवळजवळ चाळीस वर्षे खडू झिजविलेले साधे मास्तर. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून आम्ही विषय बदलून मागितला, आणि तो इतका लहान मागितला की चिटणिसांना प्रथम ती आमची थट्टाच वाटली. नोकरीसाठी अर्ज करताना त्यासोबत जे एक पानाचे पत्र जोडावयाचे असते, ज्याला कचेरीत ‘कव्हरिंग लेटर’ म्हणतात, ते कसे लिहावे एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

हा विषय घेण्यास कारण आहे. आपल्यांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे की, निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही मंडळाच्या कचेरीत बसतो आणि मुलेमुली आपापले अर्ज आम्हांस दाखवावयास आणतात. त्यांच्याजवळ बायोडेटा असतो, तो बहुधा सुबक असतो. रंगीत रेघा, कोपऱ्यात छायाचित्र, सर्व काही यथासांग. आणि पत्र कोठे आहे असे विचारले की चेहरा पडतो. कोणी म्हणतो, ‘गुरुजी, ते काय, कुणी वाचत नाही’. कोणी मित्राचे पत्र नाव बदलून आणलेले असते. एका मुलाने तर नाव बदलले, पण खालच्या परिच्छेदातील कंपनीचे नाव बदलावयाचे राहून गेले होते. ते पत्र पंधरा ठिकाणी गेले होते, आणि पंधरा ठिकाणी त्याने त्या सोळाव्या कंपनीची स्तुती केली होती.

कुणी वाचत नाही ही समजूत अर्धी खरी आहे. सरकारी नोकऱ्यांत, लोकसेवा आयोगाच्या वा जिल्हा परिषदेच्या भरतीत, ठरीव नमुना भरावयाचा असतो; तेथे परीक्षेचे गुण आणि कागदपत्रे बोलतात, पत्राला स्थान नाही. मोठ्या कंपन्यांतही पुष्कळ ठिकाणी पहिली चाळणी संगणक लावतो. परंतु आपल्या पुण्याच्या आसपास भोसरी, चाकण, रांजणगाव येथे जे शेकडो मध्यम आणि लहान कारखाने आहेत, पेठांतून आणि कोथरूड-कर्वेनगरातून ज्या हिशेबतपासनिसांच्या कचेऱ्या, दवाखाने, शाळा, छापखाने आहेत, तेथे अर्ज माणूसच उघडतो. त्याच्यापुढे एकाच दिवशी तीस-चाळीस बायोडेटा येतात, आणि ते सर्व सारखे दिसतात. कारण पदव्या सारख्या असतात. त्या ढिगाऱ्यातून एकाला बाजूस काढावयास त्याला काहीतरी निमित्त पाहिजे असते. ते निमित्त बायोडेटा देत नाही, पत्र देते.

आता आमच्या स्वतःच्या एका अपराधाची कबुली देणे प्राप्त आहे.

आम्ही शाळेत आठवीच्या वर्गास मराठी शिकवीत असू. पत्रलेखनाच्या पाठात ‘नोकरीसाठी अर्ज’ हा प्रकार दरवर्षी यावयाचा, आणि आम्ही दरवर्षी तोच मजकूर फळ्यावर लिहून द्यावयाचो. तो आम्हांस आजही मुखोद्गत आहे: ‘महोदय, आपल्या कार्यालयात एक जागा रिकामी असल्याचे समजते. सदर जागेसाठी मी हा नम्र अर्ज करीत आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असून कुटुंबाचा भार माझ्यावर आहे. मला संधी दिल्यास मी माझे काम इमानेइतबारे करीन व वरिष्ठांच्या समाधानात कसूर करणार नाही. तरी कृपा करून माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा, ही विनंती. आपला आज्ञाधारक.’ मुलांनी हे उतरून घ्यावे, पाठ करावे, परीक्षेत पाचपैकी चार गुण मिळवावेत. ह्यात काही चुकते आहे असे आमच्या मनात कधी आले नाही.

सन १९९० नंतरची गोष्ट. भोसरीस कारखाना असलेल्या आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी भांडारात एक मदतनीस नेमण्यासाठी वर्तमानपत्रात लहानशी जाहिरात दिली, आणि मराठी पत्रे चाळावयास मदत करा म्हणून आम्हांस रविवारी घरी बोलावले. टेबलावर चाळीस-एक पाकिटे होती. आम्ही वाचू लागलो, आणि पाचसहा पत्रे झाल्यावर आमच्या अंगास घाम सुटला. पत्रापाठोपाठ पत्रात आमचा फळा होता. तीच हलाखी, तेच इमानेइतबार, तोच आज्ञाधारक. काही मुले आमची होती; काही अन्य शाळांतील होती, म्हणजे तेथील मास्तरांचाही फळा आमच्यासारखाच असला पाहिजे. गृहस्थ हसून म्हणाले, ‘मास्तर, सगळ्यांच्याच घरी हलाखी आहे, मी कुणाला घेऊ?’ आणि त्यांनी तो सारा गठ्ठा बाजूस सारला.

त्या गठ्ठ्यात आपल्याच ज्ञातीतील एका मुलाचे पत्र होते. त्याचे नाव घेत नाही. तो मुलगा अकराव्या वर्षापासून रविवार पेठेत आपल्या मामांच्या किराणा दुकानात बसत असे. कोणत्या पोत्यात किती माल उरला आहे, कोणता जिन्नस केव्हा संपेल, कोणत्या व्यापाऱ्याचा तागडीत हात आहे, हे त्याला वहीत न पाहता सांगता येई. भांडारास ह्याहून योग्य माणूस त्या चाळिसांत नव्हता. आणि त्याच्या पत्रात मामांच्या दुकानाचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. आमच्या फळ्यावर दुकान नव्हते, म्हणून त्याच्या पत्रातही नव्हते. आम्ही तेव्हा तोंड उघडले असते तर कदाचित काम झाले असते. परंतु एकाची रदबदली करावी आणि बाकीच्यांचे काय, ह्या विचारात आम्ही गप्प बसलो. आणि खरे सांगावयाचे तर, ‘हे पत्र मीच शिकविले’ असे म्हणण्याची आम्हांस लाज वाटली. जागा दुसऱ्यास मिळाली. पुढे बऱ्याच वर्षांनी तो भेटला तेव्हा आम्ही त्यास सर्व सांगितले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही लिहून दिलं तेच मी लिहिलं.’

त्या दिवसापासून आम्ही ‘अर्ज’ ह्या शब्दाचा विचार करू लागलो. हा शब्द अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ आहे समोर मांडणे, दाखविणे. दरबारात शतकानुशतके वापरला गेल्यामुळे त्याला हात जोडण्याचा, मान लवविण्याचा वास लागला, आणि पुढे इंग्रजी कचेऱ्यांतील ‘आय बेग टु अप्लाय’ हे वाक्य आले त्याने त्यात भर घातली. आपल्या मनात अर्ज आणि याचना हे समानार्थी शब्द होऊन बसले. वास्तविक अर्जदाराने मागावयाचे थोडे असते आणि मांडावयाचे पुष्कळ असते. आपली गरज ही आपल्या घरची बाब आहे. पत्र वाचणारा पाहतो ती त्याची गरज. त्याचे भांडार कोण सांभाळील, त्याचा हिशेब कोण वेळेवर पुरा करील, ह्या विवंचनेत तो जाहिरात देतो, आणि आपण त्याला आपली विवंचना लिहून पाठवितो.

ह्यावर कोणी म्हणेल, गुरुजी, हे सुचणे सोपे, आमच्याजवळ मांडण्यासारखे काही नाही. म्हणून तीन पत्रांची हकीकत सांगतो. तिन्ही पत्रे अशा माणसांची आहेत की ज्यांची बाजू कागदावर लंगडी होती.

पहिले पत्र सन १८८३ मधील, डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांचे. अठरा वर्षांची ही मुलगी समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे तिने प्रवेशासाठी पत्र लिहिले. हे पत्र नोकरीचे नव्हे, प्रवेशाचे. पण जात तीच. तिच्याजवळ तेथील अपेक्षेप्रमाणे पूर्वशिक्षण नव्हते, पैसा तुटपुंजा होता. तिने ते लपविले नाही; प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही हे तिने आपण होऊनच सांगून टाकले. आणि लगेच पुढे आपल्याजवळ काय आहे ते मांडले: प्रकृती चांगली आहे, आणि आप्तांचा व ज्ञातीचा एकवटलेला विरोध सोसून आपल्याला येथवर घेऊन आलेला निश्चय आहे. त्यानंतर हेतू: आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टराच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपणांस ही विद्या हवी आहे. स्वतःसाठी आपण काही मागत नाही, असेही तिने लिहिले. उणीव एका वाक्यात, भांडवल एका वाक्यात, आणि उरलेले पत्र कामाविषयी. महाविद्यालयाने तिला घेतले. सन १८८६ च्या मार्चमध्ये ती एम. डी. झाली. पुढील वर्षी २६ फेब्रुवारीस, बाविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, ह्याच पुण्यात तिचा अंत झाला, ही गोष्ट आठवली की आजही मन उदास होते. आणि ज्ञातीच्या विरोधाचा तो उल्लेख ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून वाचताना आम्ही तो गाळला नाही, हेही आपण ध्यानी घ्यावे.

दुसरे पत्र एका मॅट्रिकचे. म्हणून आम्हांस त्याविषयी विशेष ममत्व. गणिती श्रीनिवास रामानुजन ह्यांनी सन १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. मॅट्रिक झालो आहे, एफ. ए. पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, मधला काळ गणिताच्या अभ्यासात घालविला, हे काम मी नीट करू शकेन असा विश्वास आहे. एवढाच काय तो मजकूर, आणि सोबत गणिताच्या एका प्राध्यापकाचे शिफारसपत्र. वास्तविक रामानुजन एफ. ए. ला नापास झाले होते, आणि घरी हलाखी म्हणाल तर खरोखरीची होती. पण तिचे रडगाणे नाही. ‘प्रतिकूल परिस्थिती’ एवढ्या दोन शब्दांत ते प्रकरण मिटविले आहे. महिना तीस रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. पुढील वर्षाच्या जानेवारीत केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डींना त्यांनी जे पत्र धाडले, त्याचीही घडण हीच: मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यात कारकून आहे, पगार इतका, विद्यापीठाचे शिक्षण नाही, आणि मग पानेच्या पाने गणिताची. सोबतचे पत्र लहान आणि त्याला जोडलेले काम मोठे, हे प्रमाण प्रत्येक अर्जदाराने लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरे पत्र आपल्या पुण्याच्या अगदी जवळचे, आणि ते पत्रही नव्हे, साधे पोस्टकार्ड. सन १९७४ च्या सुमारास बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सुधा कुलकर्णी नावाची एक विद्यार्थिनी शिकत होती. आज आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. संस्थेच्या सूचनाफलकावर टेल्को कंपनीची जाहिरात लागली होती. हुशार, मेहनती अभियंते पाहिजेत, असे वर होते आणि स्त्रियांनी अर्ज करू नये, असे खाली होते. त्यांना नोकरीची निकड नव्हती; परदेशी जाऊन पुढे शिकण्याचा विचार चालू होता. परंतु ते वाक्य त्यांना खटकले, आणि त्यांनी एक कार्ड थेट जे. आर. डी. टाटांना लिहिले. टेल्कोचा कारभार प्रत्यक्ष कोण पाहतो हेही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्या कार्डात काय होते, ते पाहावे. मजवर अन्याय झाला, असा सूर नव्हता. टाटांनी ह्या देशात पोलाद, रसायने, आगगाडीची इंजिने ह्यांचे कारखाने प्रथम काढले, उच्च शिक्षणाची काळजी वाहिली, आपण शिकतो ती संस्थाही त्यांचीच देणगी; अशा घराण्याच्या कंपनीने स्त्री-पुरुष असा भेद करावा ह्याचे आश्चर्य वाटते, असा आशय होता. दहा दिवसांच्या आत तार आली: पुण्याच्या कारखान्यात मुलाखतीस यावे, प्रवासखर्च कंपनी देईल. मुलाखत झाली, प्रश्न यंत्रांचेच विचारले गेले, आणि त्या कंपनीने नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या. कामावर रुजू झाल्या त्या आपल्या पुण्यात.

ही गोष्ट तरुणांना फार आवडते, आणि नेमका चुकीचा बोध घेऊन ती मुले घरी जातात. एकाने आम्हांस विचारले, ‘मग मीही थेट चेअरमनना कडक पत्र टाकू का?’ बाळा, त्या पत्राचे बळ कडकपणात नव्हते. ज्याला लिहावयाचे त्याच्या घराण्याने काय केले आहे, कशाचा त्याला अभिमान आहे, हे त्या मुलीला नेमके ठाऊक होते. ते पत्र दुसऱ्या कोणत्याही कंपनीला धाडता आले नसते. जे पत्र नाव बदलून दुसरीकडे पाठविता येते ते पत्र कोणालाच लिहिलेले नसते.

तेव्हा आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. पत्र लिहावयास बसण्यापूर्वी जाहिरात तीनदा वाचावी आणि तीत मागितलेल्या गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. समजा, चाकणच्या एका कारखान्यास भांडार-सहायक पाहिजे आहे. टॅली येत असावे, जीएसटीची माहिती असावी, पाळीत काम करण्याची तयारी असावी. आपल्याजवळ ह्यांपैकी काय आहे आणि काय नाही, हे कागदावर दोन बाजूंस लिहावे. मग पत्र आपोआप उतरू लागते. उदाहरणार्थ, त्या किराणा दुकानातील मुलाने आज लिहावयाचे झाल्यास असे लिहावे:

‘माननीय महोदय, रविवारच्या वर्तमानपत्रात आपण भांडार-सहायकाच्या जागेची जाहिरात दिली आहे, त्या जागेसाठी हे पत्र. मी बी. कॉम. असून गेली सहा वर्षे रविवार पेठेतील आमच्या किराणा दुकानाचा साठा सांभाळतो. दुकानात सुमारे चारशे जिन्नस आहेत. दर शनिवारी साठा मोजून वहीशी ताळा पाहणे व संपत आलेल्या मालाची मागणी नोंदविणे हे काम माझ्याकडे आहे. गेली दोन वर्षे ह्या नोंदी मी टॅलीवर ठेवतो आणि जीएसटीच्या विवरणासाठी लागणारी बिले दरमहा आमच्या हिशेबनिसांना तयार करून देतो. कारखान्याच्या भांडारात मी अद्याप काम केलेले नाही. सुट्या भागांची ओळख मला करून घ्यावी लागेल. रात्रपाळीस माझी हरकत नाही, आणि एक महिन्याच्या सूचनेने मी रुजू होऊ शकेन. सोबत बायोडेटा जोडला आहे. भेटीस बोलाविल्यास साठ्याच्या नोंदींचा नमुना दाखवीन. आपला विश्वासू.’

एवढेच. शंभर-सव्वाशे शब्द. ‘मी मेहनती आहे’ असे त्यात कोठेही नाही. दर शनिवारी चारशे जिन्नस मोजणारा मनुष्य मेहनती आहे की नाही हे वाचणाऱ्यास कळते. प्रामाणिकपणाची ग्वाही नाही. आपल्याला काय येत नाही ते आपण होऊन सांगितले, त्यात ती आली. एक पान भरलेच पाहिजे असा हट्ट धरू नये. आपल्या पूर्वजांच्या पत्रांत शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ असे लिहिण्याची रीत होती. ती रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

भाषेविषयी दोन शब्द. जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्या भाषेत. इंग्रजीत लिहावयाचे असल्यास लहान वाक्ये लिहावीत, आणि ज्या शब्दाचा अर्थ मुलाखतीत विचारल्यास सांगता येणार नाही तो शब्द घालू नये. विरामचिन्हे, शुद्धलेखन आणि मुख्यतः वाचणाऱ्याच्या नावाचे व कंपनीच्या नावाचे अक्षर तपासावे. स्वतःच्या नावाची ‘वेलांटी’ चुकलेली कोणास आवडते?

हल्ली बहुतेक अर्ज ई-मेलने जातात. तेथे पत्र वेगळ्या फायलीत लपवून ठेवू नये. ई-मेलच्या अंगातच लिहावे, आणि बायोडेटा पीडीएफ करून जोडावा. विषयाच्या ओळीत जागेचे नाव आणि आपले नाव असावे. ती ओळ कोरी सोडणे म्हणजे पाकिटावर पत्ता न लिहिणे होय. फायलीचे नाव ‘फायनल टू’ असे नसावे. ई-मेलचा पत्ताही आपल्या नावाचा असावा. एका सद्गुणी मुलाचा पत्ता ‘डेंजर बॉय’ ह्या अर्थाचा होता, आणि कंपनीने बोलावले नाही म्हणून त्याची आई आम्हांस विचारावयास आली होती. जेथे पहिली निवड संगणक करतो तेथे जाहिरातीतीलच शब्द आपल्या पत्रात व बायोडेटात यावेत, म्हणजे यंत्रास ते सापडतात. अर्थात जे खरोखर येते त्याचेच.

आणि आता नवी एक सोय झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेस दोन ओळी सांगितल्या की ती निमिषार्धात गुळगुळीत इंग्रजीत पत्र लिहून देते. आमच्या नातवाने ते आम्हांस करून दाखविले, आणि आम्ही थक्क झालो. व्याकरणाची एक चूक सापडेल तर शपथ. मग आम्ही त्याला म्हटले, आता तुझ्या मित्राच्या नावाने तेच माग. दुसरे पत्र आले. तिसरेही आले. तिन्ही शेजारी ठेवली, आणि आम्हांस भोसरीच्या त्या गृहस्थांचे टेबल आठवले. फळा बदलला, एवढेच. त्या यंत्राकडून शुद्धलेखन तपासून घ्यावे, अवघड वाक्य सोपे करून घ्यावे; आमची त्यास ना नाही. परंतु मामांचे दुकान त्याला ठाऊक नाही, ते आपणच सांगितले पाहिजे.

आता एक-दोन गोष्टी ज्या कदाचित येथे सर्वांना रुचणार नाहीत. काही मुले, मालक आपल्या ज्ञातीचा आहे असे कळले की पत्राच्या आरंभीच ‘मी आपल्याच ज्ञातीचा’ असे लिहितात. आणि काही पालक तसे लिहावयास लावतात. हे लिहू नये. मालक न्यायी असेल तर त्याला संकोच होतो, आणि नसेल तर त्याच्या हाताखाली जाऊन आपले भले होणार नाही. शिवाय त्याच टेबलावर दुसऱ्या ज्ञातीच्या एखाद्या गरीब, लायक मुलाचे पत्र असते, ह्याचा विचार ज्ञातिसंस्थेने तरी केला पाहिजे. मंडळाने शिष्यवृत्ती द्यावी, वसतिगृह चालवावे, मार्गदर्शन करावे. पत्रातील पहिले वाक्य म्हणून मंडळाचा उपयोग होऊ नये. ओळख सांगावयाची तर कामाची सांगावी: ‘आपल्याकडील अमुक गृहस्थांनी ह्या जागेविषयी मला सांगितले’, आणि तेही त्या गृहस्थांची परवानगी घेऊन. चिटणीस आमच्याकडे पाहत आहेत. त्यांचे मत निराळे आहे हे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यावर आमचे बोलणे अनेकदा झाले आहे.

दुसरी गोष्ट आपल्या सुनांविषयी आणि मुलींविषयी. लग्न, बाळंतपण, घरातील वडीलधाऱ्यांचे आजारपण ह्यांमुळे पाचसात वर्षे नोकरी सुटते, आणि पुन्हा अर्ज करताना ती वर्षे कशी झाकावीत हा प्रश्न घेऊन त्या येतात. झाकू नयेत. बायोडेटात भोक दिसते ते दिसतेच; पत्राने ते एका वाक्यात सरळ सांगावे, आणि त्या काळात जे केले ते मांडावे. आमच्याकडे आलेल्या एका भगिनीने सात वर्षांपुढे ‘गृहिणी’ एवढेच लिहिले होते. विचारता विचारता कळले की त्यांपैकी चार वर्षे आपल्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब त्या विनावेतन पाहत होत्या. साठ बिऱ्हाडांची वर्गणी, लिफ्टचे कंत्राट, वार्षिक तपासणी, सारे त्यांच्या हातचे. ‘ते काय काम आहे का, गुरुजी?’ असे त्या आम्हांस विचारीत होत्या. ते पत्र आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिले. त्यांच्या सासूबाई सोबत आल्या होत्या. साठ बिऱ्हाडांचा आकडा त्यांनीच आठवून सांगितला.

पालकांना एक विनंती. मुलाचे पत्र आपण लिहू नये. आपण लिहिले म्हणजे त्यात आपली काळजी उतरते, आणि वाचणाऱ्याला त्या काळजीशी कर्तव्य नसते. फार तर त्याच्याजवळ बसून त्याला प्रश्न विचारावेत: तू रोज काय करतोस, किती करतोस, कोणी तुझ्यावर काय सोपविले होते? आमच्या मुलांना आपण केलेले काम काम वाटतच नाही, कारण ते घरचे असते, दुकानचे असते, गणपतीच्या मांडवातले असते. मंडपाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब दहा दिवसांत देणारा मुलगा पत्रात ‘अनुभव नाही’ असे लिहितो.

बोलणे लांबले. गेल्या महिन्यात त्या आमच्या जुन्या विद्यार्थ्याची मुलगी कचेरीत आली होती. वडील आता कोथरूडला स्वतःचे दुकान चालवितात. तिला एका रुग्णालयाच्या औषधभांडारात अर्ज करावयाचा होता. पत्र तिने स्वतः लिहून आणले होते, आणि पहिल्या परिच्छेदातच होते की, वडिलांच्या दुकानात मुदत संपत आलेला माल वेगळा काढण्याचे काम ती आठवीपासून करते. आम्ही दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि पत्र परत दिले. उत्तर अद्याप आलेले नाही.

पुढील रविवारपासून आम्ही पूर्ववत मंडळाच्या कचेरीत असू. येताना जाहिरातीचे कात्रण अवश्य आणावे. नुसते पत्र पाहून आम्हांस काही सांगता येत नाही.